आजारपणामुळे, आजारी असल्यामुळे, आजाऱ्यामुळे: इंग्रजी प्रिपोझिशननंतर नाम की विशेषण?

तीन वाक्यं बघा. 'शी डिड नॉट कम बिकॉज ऑफ इल.' 'ही स्पोक विथ कॉन्फिडंट.' 'आय गॉट इट फॉर फ्री.' तिन्ही वाक्यांत प्रिपोझिशनच्या मागोमाग विशेषण आलंय. पहिली दोन वाक्यं चुकीची आहेत, तिसरं मात्र रोज सगळेजण बोलतात आणि कोणाला खटकत नाही. असं का?

हे वाचणाऱ्यांत दोन गट असणार. काही जण इथेच वाढलेले, ज्यांना चूक लगेच कानाला टोचते, पण 'चूक का?' असं विचारलं तर 'ऐकायला विचित्र वाटतं' यापलीकडे सांगता येत नाही. दुसरे शिकायला किंवा नोकरीला आलेले. त्यांनी नियम शाळेत पाठ केलेला असतो, पण रात्री अकरा वाजता रिपोर्ट संपवताना तो आठवत नाही. आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांचे मसुदे मी वाचते, तेव्हा ही चूक मला नियमितपणे दिसते. प्रयोग उत्तम, आकडे चोख, आणि मध्येच 'इन टर्म्स ऑफ ॲक्युरेट'. परीक्षक तिथे अडखळतो आणि मग पुढचं सगळं थोड्या संशयाने वाचतो. हे न्याय्य नाही, पण घडतं. म्हणून ही गोष्ट एकदा नीट समजून घेतलेली बरी. पॉडकास्टमध्ये हे सांगायचा प्रयत्न करता आला असता, पण अशी वाक्यं डोळ्यांसमोर शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय पटत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे, की हा नियम तुम्हाला नव्याने शिकायची गरज नाही. तो तुम्हाला मराठीत येतो. फक्त तिथे तो शब्दाच्या मागे चिकटलेला असतो, आणि इंग्रजीत शब्दाच्या पुढे उभा असतो.

प्रिपोझिशनला काय हवं असतं

'प्रिपोझिशन' हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा अर्थच 'आधी ठेवलेलं'. कशाच्या आधी? नामाच्या. मराठीत हेच काम करणारे शब्द नामानंतर येतात: मुळे, साठी, शिवाय, बद्दल, विरुद्ध. शाळेत आपण त्यांना शब्दयोगी अव्ययं म्हणतो. त्यांच्या जोडीला त, ने, ला असे विभक्तीचे प्रत्यय असतात. इंग्रजीला हे दोन्ही कप्पे वेगळे करावे लागत नाहीत. 'इन', 'विथ', 'टू', 'फॉर' यांतच सगळं भागतं.

या सगळ्या शब्दांचं काम भिंतीतल्या खुंटीसारखं आहे. खुंटीला काहीतरी टांगावं लागतं: पिशवी, शर्ट, छत्री. 'लाल' टांगता येत नाही. 'लाल छत्री' टांगता येते. नाम म्हणजे वस्तू, माणूस, कल्पना. विशेषण म्हणजे त्या वस्तूचा नुसता गुण. म्हणून 'बिकॉज ऑफ' नंतर 'इलनेस' टांगता येतो, 'इल' टांगता येत नाही.

इथे एक गैरसमज आधी दूर करू. प्रिपोझिशनच्या लगेच पुढचा शब्द विशेषण असायला काहीच हरकत नाही, त्याच्यामागून नाम येत असेल तर. 'डिस्पाइट हेवी रेन', 'इन पूअर कंडिशन', 'विथ ग्रेट केअर' ही वाक्यं बिनचूक आहेत. पुढचा एक शब्द बघू नका, तो पूर्ण शब्दगट कुठे संपतो ते बघा. तो नामावर संपला पाहिजे. 'ड्यू टू हाय' लिहून थांबलात तर वाक्य अधांतरी राहतं. 'ड्यू टू द हाय कॉस्ट' म्हटलं की ते जमिनीवर येतं.

मराठीतले तीन रस्ते

आता मराठीत हेच करून बघू. 'आजारी' हे विशेषण घ्या आणि त्याला 'मुळे' जोडा. 'ती आजारीमुळे आली नाही.' असं कोणी म्हणेल का? मराठी जेमतेम बोलणारं मूलही असं म्हणत नाही. मग आपण काय म्हणतो? आपल्याकडे तीन रस्ते आहेत.

पहिला: विशेषणाचं भाववाचक नाम करायचं. 'आजारपणामुळे.' इंग्रजीत 'बिकॉज ऑफ इलनेस'.

दुसरा: विशेषणाला हात लावायचा नाही, पण मध्ये 'असणे' आणायचं. 'आजारी असल्यामुळे', 'आजारी असूनही'. इंग्रजीत या 'असणे'चं काम 'बीइंग' करतं: 'डिस्पाइट बीइंग इल', 'विदाउट बीइंग रूड', 'इन स्पाइट ऑफ बीइंग टायर्ड'. पुष्कळ मसुद्यांत 'डिस्पाइट टायर्ड' असतं, तिथे एवढा एक शब्द घातला की काम होतं. 'बिकॉज ऑफ बीइंग इल' हेही व्याकरणात बसतं, पण जरा अवजड वाटतं. तिथे इंग्रजी माणूस 'ऑफ' काढून टाकून सरळ 'बिकॉज शी वॉज इल' म्हणेल.

तिसरा: विशेषणालाच नाम समजून चालवायचं. 'आजाऱ्यामुळे.' पण आता अर्थ बदलला! हा आजार राहिला नाही, हा आजारी माणूस झाला. 'आजाऱ्यामुळे घरातल्या सगळ्यांची झोप उडाली.' इंग्रजीत याला 'द' लागतो: 'द इल', 'द पूअर', 'द रिच'.

तीन रस्ते दोन्ही भाषांत आहेत, आणि तिन्हींचे अर्थही जुळतात. फरक फक्त तिसऱ्या रस्त्यावर पडतो आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. मराठीत 'गरिबाला' म्हणजे एका गरीब माणसाला आणि 'गरिबांना' म्हणजे अनेकांना. इंग्रजीत 'टू द पूअर' म्हणजे नेहमी अनेक, संपूर्ण वर्ग. एकाच माणसाबद्दल बोलायचं तर 'टू अ पूअर मॅन' असंच म्हणावं लागतं. म्हणूनच पुढचं क्रियापदही अनेकवचनी येतं: 'द पूअर आर', 'इज' नाही. 'द अननोन', 'द इम्पॉसिबल' अशा अमूर्त कल्पना तेवढ्या एकवचनी असतात.

आणखी एक गोष्ट. माणसांच्या गटाला असं नुसत्या विशेषणाने हाक मारणं हल्ली काही ठिकाणी खटकतं. ब्रिटिश सरकारच्या लेखनविषयक सूचनांतही 'द डिसेबल्ड' टाळून 'डिसेबल्ड पीपल' लिहा असं सांगितलंय. आपल्याकडेही 'आंधळ्यांसाठी' मागे पडून 'अंध व्यक्तींसाठी' आलंच ना? कारण तेच. गुण पुढे येतो आणि माणूस गायब होतो.

घरच्या घरी परीक्षा

आता माझी आवडती युक्ती सांगते. यासाठी व्याकरणाचं पुस्तक लागत नाही. आपण घरी जी इंग्रजी-मराठी खिचडी बोलतो ती पुरते.

इंग्रजी शब्दाला मराठी प्रत्यय लावा आणि ऐका.

'कॉन्फिडन्सने बोल' बरोबर वाटतं. 'कॉन्फिडंटने बोल' कोणी म्हणत नाही. म्हणजे 'विथ कॉन्फिडन्स' बरोबर, 'विथ कॉन्फिडंट' चूक.

'तो डिप्रेशनमध्ये आहे' म्हणतो, 'तो डिप्रेस्ड आहे' म्हणतो, पण 'डिप्रेस्डमध्ये आहे' कधीच म्हणत नाही.

'ॲक्युरसीमुळे' चालतं, 'ॲक्युरेटमुळे' अडकतं. 'सेफ्टीसाठी' चालतं, 'सेफसाठी' अडकतं. 'डिफरन्सबद्दल' चालतं, 'डिफरंटबद्दल' अडकतं.

गंमत बघा. ज्या आज्जीला इंग्रजी बोलता येत नाही, तीसुद्धा 'सेफ्टीसाठी कुलूप लाव' असंच म्हणते. शब्द परका आहे, पण तो नाम आहे की विशेषण हे तिच्या मराठीने बरोबर ओळखलेलं असतं. भाषा उसने शब्द घेते तेव्हा त्यांच्यावर स्वतःचं व्याकरण चालवते, आणि इथे दोन्ही व्याकरणं एकाच गोष्टीवर अडून बसतात: खुंटीला नाम हवं.

मग मराठीत न चुकणारा माणूस इंग्रजीत का चुकतो? एक कारण कानाचं आहे. 'कॉन्फिडंट–कॉन्फिडन्स', 'डिफरंट–डिफरन्स', 'सायलेंट–सायलेन्स', 'पेशंट–पेशन्स', 'इम्पॉर्टंट–इम्पॉर्टन्स'. या जोड्यांत फरक फक्त शेवटच्या आवाजाचा आहे, आणि भरभर बोलताना तो गिळला जातो. दुसरं कारण क्रमाचं. मराठीत प्रत्यय शेवटी येतो, त्यामुळे शब्द तोंडातून निघेपर्यंत तो नाम झालेला असतो. इंग्रजीत 'विथ' आधीच म्हणून झालेलं असतं आणि पुढचा शब्द शोधायला वेळ कमी असतो. त्या घाईत जो शब्द जवळ असेल तो हाताला लागतो, आणि विशेषणं बहुधा जास्त जवळची असतात.

रिपोर्ट लिहिताना

लेखनात चार-पाच जागा अशा आहेत जिथे हात जरा आवरता घ्यावा. 'इन टर्म्स ऑफ', 'डिफरन्स इन', 'इन्क्रीज इन', 'ड्यू टू', 'लॅक ऑफ'. यांच्यापुढे नाम आलंय ना, हे मुद्दाम बघायचं. 'द टू मेथड्स डिफर इन ॲक्युरसी'. 'अ चेंज इन टेम्परेचर'. 'टेन मीटर्स इन लेंग्थ'.

मोजमापाची नामं मराठीत फार सरळ होतात. लांब–लांबी, रुंद–रुंदी, उंच–उंची, खोल–खोली. एक 'ई' लावली की झालं. इंग्रजीत हीच कुटुंबातली माणसं चेहरा बदलून येतात: लाँग–लेंग्थ, वाइड–विड्थ, डीप–डेप्थ, स्ट्राँग–स्ट्रेंग्थ, हाय–हाइट. हा जुना जर्मॅनिक साचा आहे आणि आता त्यातून नवे शब्द फारसे निघत नाहीत, त्यामुळे जेवढे आहेत तेवढे पाठच करावे लागतात. बाकी ठिकाणी 'नेस' मदतीला येतो. तो आपल्या 'पणा'सारखा आहे, जवळजवळ कुठल्याही विशेषणाला लागतो: काइंड–काइंडनेस, वीक–वीकनेस. लॅटिनकडून आलेल्या शब्दांना 'इटी' किंवा 'सी' लागतो: स्टेबल–स्टेबिलिटी, इफिशियंट–इफिशियन्सी.

तुम्हाला नाम आठवत नसेल तर वाक्य अडवून धरू नका. रस्ता बदला. 'विथ केअर' सुचलं नाही तर 'केअरफुली' लिहा. 'बिकॉज ऑफ...' म्हणून अडकलात तर 'बिकॉज इट इज...' करून सुटा. मराठीतही 'प्रामाणिकपणामुळे' जड वाटलं तर आपण 'प्रामाणिक आहे म्हणून' म्हणतोच की.

'आय ॲम इन टेन्शन'

आता जरा नाजूक विषय. परदेशात वाढलेल्या बऱ्याच मुलांना आईबाबांचं एक वाक्य ऐकून हसू येतं: 'आय ॲम इन टेन्शन.' हसण्याआधी व्याकरण तपासा. 'इन'नंतर 'टेन्शन' आलंय. 'टेन्शन' नाम आहे. नियम तंतोतंत पाळलेला आहे! 'मी टेन्शनमध्ये आहे' या मराठी वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा उभा केलाय आणि त्यात व्याकरणाची चूक शून्य.

अडचण वेगळीच आहे. कोणत्या मनःस्थितीसाठी 'इन' वापरायचं आणि कोणत्या ठिकाणी सरळ विशेषण, हे प्रत्येक भाषेने आपापलं ठरवलेलं असतं. मराठीला 'त' आणि 'मध्ये' फार आवडतात: मी मजेत आहे, तो रागात आहे, ती आनंदात आहे, आम्ही घाईत आहोत. इंग्रजी यांतल्या काहींनाच 'इन' देते. 'इन लव्ह', 'इन पेन', 'इन शॉक', 'इन डाउट', 'इन डेट', 'इन ट्रबल', 'इन अ हरी', 'इन अ गुड मूड'. पण आनंद, राग, भूक, भीती यांना विशेषण: 'हॅपी', 'अँग्री', 'हंग्री', 'स्केअर्ड'. 'ही शाउटेड इन अँगर' चालतं, कारण तिथे ओरडण्याची रीत सांगितली आहे. 'ही इज इन अँगर' मात्र म्हणत नाहीत. आणि टेन्शन? ताणलेली दोरी 'इन टेन्शन' असू शकते. माणूस 'टेन्स' असतो, 'स्ट्रेस्ड' असतो, नाहीतर 'अंडर स्ट्रेस' असतो. 'दडपणाखाली' आणि 'अंडर प्रेशर' यांत तर दोन्ही भाषांनी एकच चित्र निवडलंय.

इथे चुकीची किंमत कधी कधी खरोखर मोठी असते. 'तो धोक्यात आहे' म्हणजे 'ही इज इन डेंजर'. 'तो धोकादायक आहे' म्हणजे 'ही इज डेंजरस'. घाबरलेल्या आवाजात आपत्कालीन नंबरवर फोन करताना या दोनांची गल्लत झाली, तर ज्याला वाचवायचं त्याच्यापासूनच लोक सावध होतील. दवाखान्यातही तसंच. 'माझा गुडघा दुखतोय' याला 'माय नी इज पेनफुल' ठीक आहे. पण 'मला दुखतंय' याला 'आय ॲम पेनफुल' म्हटलं तर अर्थ होतो 'मी त्रासदायक आहे'. तिथे 'आय ॲम इन पेन' हवं. आईबाबांना डॉक्टरकडे घेऊन जाणार असाल तर त्यांची चूक काढू नका, हे एक वाक्य मात्र आवर्जून सांगा.

'म्हणून'चा मोकळा दरवाजा

आतापर्यंत नियम कडक वाटला असेल. पण एक प्रिपोझिशन असं आहे जे नाम आणि विशेषण दोघांनाही आत घेतं: 'ॲज'. 'शी वर्क्स ॲज अ टीचर' इथे नाम आहे. 'द मेथड इज रिगार्डेड ॲज सेफ' इथे नुसतं विशेषण. दोन्ही बरोबर.

याचंही मराठी उत्तर तयार आहे. 'ॲज' म्हणजे आपलं 'म्हणून'. 'शिक्षक म्हणून काम करते' आणि 'हुशार म्हणून ओळखली जाते'. 'मुळे'सारखा हट्ट 'म्हणून' करत नाही. 'हुशारमुळे' चालत नाही, 'हुशार म्हणून' चालतं. कारण इथे विशेषणाला खुंटीवर टांगलेलंच नाही. ते अजूनही आपलं मूळ काम करतंय, म्हणजे कोणाबद्दल तरी माहिती देतंय. पद्धत 'ॲज सेफ' मानली जाते, म्हणजे पद्धत सुरक्षित आहे असं लोक मानतात. मध्ये 'आहे' घालून वाक्य नीट बसलं, की विशेषण तिथे हक्काने आलंय असं समजा.

याच जातीची आणखी काही उदाहरणं. 'फार फ्रॉम ईझी', म्हणजे सोपं तर मुळीच नाही. 'नेक्स्ट टू इम्पॉसिबल', जवळजवळ अशक्य. 'एनिथिंग बट सिंपल'. 'लेफ्ट फॉर डेड', मेला असं समजून सोडून दिलेला. 'टेक फॉर ग्रँटेड', गृहीत धरणं. आणि 'फ्रॉम बॅड टू वर्स'. या सगळ्यांत कोणीतरी किंवा काहीतरी 'आहे' किंवा 'झालं', असा अर्थ दडलेला आहे. आपण 'लहानाचा मोठा झाला' म्हणतो तेव्हा 'लहान' आणि 'मोठा' दोन्ही विशेषणं एका माणसाबद्दलच बोलतात, तसंच.

रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांचं केंब्रिजचं मोठं इंग्रजी व्याकरण २००२ मध्ये आलं. त्यात प्रिपोझिशनकडे पाहण्याची नजरच बदललेली आहे. प्रिपोझिशननंतर नामच येतं ही जुनी व्याख्या त्यांनी सैल केली. बहुतेक वेळा नाम, पण काही ठिकाणी विशेषण, काही ठिकाणी दुसरं प्रिपोझिशन, काही ठिकाणी अख्खं वाक्यही. शाळेतला नियम खोटा ठरत नाही. तो अपुरा होता, एवढंच.

थोडक्यात, फुकटात, स्वस्तात

आता उरलं 'फॉर फ्री'. आणि त्याच्या रांगेत उभे असलेले 'इन जनरल', 'इन पर्टिक्युलर', 'इन शॉर्ट', 'इन ब्रीफ', 'इन फुल', 'इन व्हेन', 'फॉर शुअर', 'ॲट लार्ज', 'ऑफ लेट'. यांना कोणताच रस्ता लागू पडत नाही. 'इन जनरल' म्हणजे कोण जनरल आहे? कोणीच नाही.

ही गोठलेली जोडपी आहेत. यांतली काही फ्रेंचच्या वळणाची आहेत. 'आँ जेनेराल', 'आँ पार्तिक्युलिए', 'आँ व्हॅं' अशी जोडपी फ्रेंचमध्ये आजही आहेत. 'फॉर फ्री'वर मात्र जुन्या वळणाचे संपादक अजूनही नाक मुरडतात. त्यांचं म्हणणं, नुसतं 'फ्री' म्हणा नाहीतर 'फॉर नथिंग' म्हणा. लोक ऐकत नाहीत.

आणि आपण तरी कुठे ऐकतो? 'थोडकं' हे विशेषण आहे, तरी 'थोडक्यात' म्हणतो. 'स्वस्त'वरून 'स्वस्तात', 'नवा'वरून 'नव्याने', 'मोठा'वरून 'मोठ्याने'. 'फुकट'वरून 'फुकटात'. 'फॉर फ्री'ला हसणाऱ्या मराठी माणसाने आधी आपलं 'फुकटात' बघावं! व्यवहारात वारंवार लागणारे असे तुकडे प्रत्येक भाषा एकत्र बांधून ठेवते आणि पुन्हा सोडवत बसत नाही.

इथे घरची परीक्षा कामाला येत नाही, हे मात्र सांगून ठेवते. 'जनरलमध्ये' म्हटलं तर रेल्वेचा डबा डोळ्यांसमोर येईल. हे तुकडे पाठच करायचे आणि त्यांच्यावरून दुसरे बनवायचे नाहीत. 'इन शॉर्ट' आहे म्हणून 'इन लाँग' होत नाही. सविस्तर म्हणजे 'ॲट लेंग्थ' किंवा 'इन डिटेल'. 'इन डिटेल्ड' नाही. भारतात सर्रास ऐकू येणारं 'सिन्स लाँग' इथे कोणी म्हणत नाही. 'फॉर अ लाँग टाइम' म्हणा. 'अन्टिल रीसेंट' नाही, 'अन्टिल रीसेंटली'.

आणि या रांगेतला आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा तुकडा म्हणजे 'फॉर गुड'. परदेशातल्या मराठी जेवणाच्या टेबलावर कोणीतरी हा विषय काढतंच: 'फॉर गुड परत जायचं का?' शब्दशः बघाल तर वाटेल 'चांगल्यासाठी'. पण 'फॉर गुड' म्हणजे कायमचं. परत जाणं चांगल्यासाठी ठरेल की नाही, याबद्दल तो एक अक्षरही बोलत नाही.

नियम हलतोय का?

थोडासा. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २०१३ सालचा शब्द म्हणून 'बिकॉज' निवडला. जुना शब्द, नवा वापर: 'आय स्टेड होम बिकॉज लेझी', 'बिकॉज टायर्ड', 'बिकॉज सायन्स'. मध्ये 'ऑफ' नाही, पुढे वाक्यही नाही, सरळ विशेषण किंवा नाम. मेसेजमध्ये हे मजेत चालतं, आणि चालतं ते मोडल्यासारखं वाटतं म्हणूनच. अर्जात किंवा थीसिसमध्ये लिहिलंत तर विनोद कोणाला कळणार नाही, चूक तेवढी दिसेल.

मग लिहिताना करायचं काय? प्रिपोझिशननंतर हात अडखळला की स्वतःला क्रमाने विचारा. शब्दगट नामावर संपतोय का? संपत असेल तर पुढे चला. नसेल, तर त्या शब्दाला मनात 'मुळे' किंवा 'साठी' लावून ऐका. अडकला, तर नाम शोधा. नाम सापडत नसेल तर 'बीइंग' घाला किंवा वाक्य फिरवा. 'ॲज' असेल तर 'म्हणून'ने वाचून बघा. आणि यांतलं काहीच लागू होत नसताना सगळे जण तसंच बोलत असतील, तर तो 'फुकटात'चा भाऊ आहे. आहे तसा वहीत लिहून ठेवा.

इंग्रजी शिकताना आपल्यापैकी अनेकांना सांगितलं गेलं, की मराठीत विचार करणं थांबवा, त्याने इंग्रजी बिघडतं. 'इन टेन्शन'च्या बाबतीत ते काही अंशी खरं आहे. पण 'बिकॉज ऑफ इल' लिहिणाऱ्याने मराठीत विचार केला असता, तर ती चूक झालीच नसती. 'आजारीमुळे' असं त्याची मराठी त्याला कधीच म्हणू देत नाही.